लॅपटॉप बॅटरीवर चालत नाही : दोष कोठे शोधावा?

हिंगोली जिल्ह्याच्या ग्रामीण भागात शासनाचा दैनंदिन व्यवहार आज ज्या साधनावर चालतो, ते साधन म्हणजे लॅपटॉप होय. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यापासून वेगळा होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हा गावचे दप्तर रुमालात बांधलेले असे. पुढे ई-फेरफार प्रणाली आली. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा मिळू लागला. २०२० मध्ये ग्रामपंचायतींच्या हिशेबासाठी ई-ग्रामस्वराज ही प्रणाली सुरू झाली. शाळांची पटनोंदणी आणि शिक्षकांची वेतनदेयकेही संगणकावर गेली. २०२४ मध्ये तलाठ्याचे पदनाम बदलून ते ग्राम महसूल अधिकारी असे झाले. पदनाम बदलले, तरी पीककर्जाच्या दिवसांत सजाच्या कार्यालयापुढे उभा राहणारा शेतकरी तोच आहे, आणि त्याचे काम आता पेनाच्या शाईवर नव्हे, तर विजेवर अवलंबून आहे.

ही वीज अखंड असती, तर बॅटरीचा विचार करण्याचे कारणच पडले नसते. वीजपुरवठा खंडित झाला तरी हाती घेतलेली नोंद पूर्ण करता यावी, शिबिराच्या ठिकाणी दाखले देता यावेत, वर्गात चाललेला पाठ मध्येच थांबू नये, हाच तर लॅपटॉपचा विशेष. परंतु समजा, सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातील एखाद्या गावी जूनच्या आरंभी वीज गेली आणि त्याच क्षणी लॅपटॉपचा पडदा काळा झाला. बँकेत द्यावयाच्या उताऱ्यासाठी आलेली दहा-पंधरा माणसे ताटकळत राहतात. दुसऱ्या दिवशी ‘बॅटरी खराब’ असा शेरा लिहिला जातो, यंत्र कपाटात जाते आणि नव्या बॅटरीच्या मागणीचा कागद तालुक्याकडे रवाना होतो. ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची वेधशाळा उभी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, त्या जिल्ह्यात एवढ्या लहानशा दोषाचे निदान शेऱ्यावर सोपवावे, हे काही बरे नव्हे.

कारण ‘बॅटरी खराब’ हा शेरा पुष्कळदा घाईचा ठरतो. दोष अडॅप्टरमध्ये असेल, तर नव्या बॅटरीवर काही हजार रुपये खर्चूनही लॅपटॉप बॅटरीवर चालणार नाही. आणि बॅटरी मुळात धडधाकट असली, तरी कपाटात महिनोन्‌महिने पडून राहिल्यास ती खरोखरच मरते.

बॅटरीच्या आत काय असते?

लॅपटॉपची बॅटरी म्हणजे एक घट नव्हे. ती अनेक घटांची जुडी असते. हे घट लिथियम-आयन जातीचे असतात. असे घट १९९१ मध्ये प्रथम जपानमधून बाजारात आले, आणि त्यामागील संशोधनासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. मोबाइल फोनमध्येही हेच घट असतात. एका घटाचा दाब साधारणतः ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो व पूर्ण भारित अवस्थेत तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे तीन घट ओळीने जोडले की सुमारे ११ व्होल्ट, चार जोडले की सुमारे साडेचौदा व्होल्ट मिळतात. बॅटरीच्या पाठीवरील पट्टीवर हा आकडा छापलेला असतो.

घटांइतकेच महत्त्वाचे असते ते त्यांच्यासोबत बसविलेले संरक्षक मंडल. घटांचा दाब फार वाढला, फार उतरला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा उष्णता वाढली, की हे मंडल बॅटरीचा मार्ग बंद करते. हा बॅटरीचा पहारेकरीच म्हणावयाचा. बॅटरी ‘गेली’ असे आपण म्हणतो, तेव्हा कित्येकदा घट शाबूत असतात. पहारेकऱ्याने दार लावून घेतलेले असते, इतकेच. दार का लावले गेले, हे शोधणे म्हणजेच दोषाचे निदान.

पहिली तपासणी

तपासणीच्या आरंभी एक साधी खात्री करून घ्यावी : यंत्र खरोखरच बंद आहे काय? पडदा काळा आहे, पण पंख्याचा आवाज येतो, कॅप्स लॉकची कळ दाबली की तिचा दिवा लागतो, असे असेल तर वीज मिळत आहे आणि दोष पडद्याचा आहे. टॉर्चचा प्रकाश तिरपा टाकला असता पडद्यावर अंधुक अक्षरे दिसली, तर हे निश्चित होते. अशा वेळी बॅटरीला दोष देण्यात अर्थ नाही.

त्यानंतर यंत्र एकदा केवळ अडॅप्टरवर आणि एकदा केवळ बॅटरीवर चालवून पाहावे. या दोन प्रयोगांतून बराचसा उलगडा होतो. अडॅप्टर जोडलेला असताना यंत्र सुरळीत चालते, पडद्यावर बॅटरी ९० किंवा १०० टक्के भरल्याचे दिसते, पण तार काढताच सर्व बंद पडते, असे असेल तर एखादा घट निकामी झाला असण्याचा संभव मोठा. यंत्र अडॅप्टरवर चालते, पण ‘जोडले आहे, भारित होत नाही’ अशा अर्थाची सूचना येते किंवा आकडा शून्यावर अडून राहतो, तर मात्र घाई करू नये. या प्रकारात दोष अन्यत्र असण्याची शक्यता बरीच असते व त्याचा विचार पुढे केला आहे. बॅटरी बसविलेली असताना अडॅप्टरवरही यंत्र सुरू होत नाही, पण बॅटरी काढून ठेवली की सुरू होते, तर बॅटरीच्या आत काही जळाले किंवा जुळून गेले आहे असे समजावे आणि ती पुन्हा बसवू नये. आणि दोहोंवरही यंत्र मुके राहिले, तर चौकशी भिंतीवरील सॉकेटपासून सुरू करावी.

ज्या लॅपटॉपची बॅटरी खालून काढता येते, त्यांच्या बाबतीत खटके पूर्ण बसले आहेत की नाही हे आधी पाहावे. प्रवासात पिशवीत खटका सरकतो व बॅटरी केसभर उचलली जाते. एवढ्याने संपर्क तुटतो. धातूच्या पट्ट्यांवर धूळ बसली असल्यास कोरड्या, मऊ कापडाने ती पुसावी. पाणी किंवा रॉकेल कदापि वापरू नये. अलीकडच्या पातळ लॅपटॉपची बॅटरी आतच बसविलेली असते. तिचे स्क्रू उघडण्याचे काम तंत्रज्ञाचे आहे.

अडॅप्टरचे दोष

अडॅप्टर हा या सर्व प्रकरणातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. त्याच्या पाठीवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर बाहेर पडतात ते छापलेले असते. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे त्याची शक्ती वॅटमध्ये. उदाहरणार्थ, १९ व्होल्ट आणि ३.४२ अँपिअर असे लिहिले असेल, तर तो अडॅप्टर ६५ वॅटचा. एका कार्यालयातील अडॅप्टर दुसऱ्या यंत्राला जोडण्याची पद्धत सर्वत्र आहे. पिन बसली म्हणजे झाले, असा समज असतो. परंतु ६५ वॅटच्या यंत्राला ४५ वॅटचा अडॅप्टर लावल्यास यंत्र चालते, बॅटरी मात्र अतिशय मंद गतीने भरते किंवा मुळीच भरत नाही. चपट्या, दोन्ही बाजूंनी बसणाऱ्या यूएसबी-सी जोडणीच्या लॅपटॉपला मोबाइलचा लहान चार्जर लावला असता हेच घडते. याउलट, व्होल्ट तेच असून वॅट अधिक असलेल्या, त्याच कंपनीच्या व त्याच जोडणीच्या अडॅप्टरने नुकसान होत नाही.

आणखी एक बारकावा ध्यानी घेण्याजोगा आहे. कित्येक लॅपटॉपच्या गोल पिनेच्या मध्यभागी सुईसारखी बारीक कांडी असते. ती वीज वाहून नेण्यासाठी नसून यंत्राला अडॅप्टरची ओळख पटविण्यासाठी असते. ही कांडी वाकली किंवा तिला जोडलेली बारीक तार आतून तुटली, की यंत्र अडॅप्टरवर चालत राहते, पण ओळख न पटल्यामुळे बॅटरी भरण्याचे नाकारते. बॅटरी दिवसेंदिवस रिकामी होत जाते आणि ठपका तिच्यावर येतो. त्याच जातीचा दुसरा, चालू स्थितीतील अडॅप्टर शेजारच्या सजातून किंवा शाळेतून अर्ध्या तासासाठी आणून लावून पाहणे, ही या दोषाची बिनखर्ची परीक्षा होय. भिंतीपासून अडॅप्टरपर्यंतची तार वेगळी निघते. तीही बदलून पाहावी. पिन विशिष्ट कोनात धरली तरच दिवा लागत असेल, तर यंत्राच्या बाजूची खोबण सैल झाली आहे. अशा वेळी काडीपेटीची काडी खोचून काम भागविणारे पुष्कळ आढळतात. सैल जोडात ठिणगी पडते, प्लॅस्टिक वितळते आणि शंभर-दोनशे रुपयांच्या भागाचा दोष मुख्य पाटीपर्यंत पोहोचतो.

वीजदाबाविषयी एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. दाब कमी झाल्याने अडॅप्टर बिघडतो असे मानले जाते. वस्तुतः बहुतेक अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काम करतात, व तसे त्यांच्यावर छापलेले असते. धोका असतो तो दाब एकाएकी चढण्याचा. गेलेली वीज परतताना बसणारा हिसका, रोहित्रावरील न्यूट्रल तार तुटल्यास दोनशे तीसऐवजी चारशे व्होल्टच्या आसपास चढणारा दाब, आणि मृगाच्या आगेमागे मराठवाड्यात कडाडणाऱ्या विजा, या तिन्हींपासून यंत्राला वाचविण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे तार सॉकेटमधून काढून ठेवणे. केवळ बटन बंद करणे पुरेसे नाही.

पहारेकऱ्याची समजूत

अडॅप्टर निर्दोष असूनही बॅटरी भरत नसल्यास एक सोपा उपाय करून पाहावा. यंत्र बंद करावे, अडॅप्टर काढावा, बॅटरी निघत असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याचे बटन तीस सेकंद दाबून धरावे. यंत्रात साठून राहिलेला विद्युत्‌भार त्यामुळे निघून जातो व वीजव्यवस्था सांभाळणारी चिप नव्याने कामाला लागते. बॅटरी आत बसविलेल्या काही यंत्रांच्या तळाशी याचसाठी एक सूक्ष्म छिद्र ठेवलेले असते. त्यात कागदाची टाचणी सरळ करून हलकेच दाबावयाची असते. यानंतर आधी केवळ अडॅप्टरवर यंत्र सुरू करून पाहावे आणि मग बॅटरी बसवावी.

विंडोज प्रणालीत ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये ‘बॅटरीज’ या शीर्षकाखाली बॅटरीची नोंद असते. ती नोंद काढून टाकून यंत्र पुन्हा सुरू केले, की प्रणाली ती आपोआप नव्याने करून घेते. जुनी चुकीची नोंद अडखळत असेल, तर तेवढ्याने काम होते. बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर येऊन थांबत असेल, तर तो दोष नव्हेच. बॅटरीचे आयुष्य वाढविण्यासाठी कंपनीने दिलेली मर्यादेची सोय कोणीतरी चालू केलेली असते. दिवसभर टेबलावर जोडून ठेवलेल्या यंत्रासाठी ती चालूच राहू द्यावी. शिबिराला निघण्याच्या आदल्या दिवशी बंद करावी.

बॅटरी पूर्णपणे उतरून गेली असेल, तर संरक्षक मंडल तिला एकदम जोराचा प्रवाह घेऊ देत नाही; प्रारंभी थेंबाथेंबाने भरते. या काळात पडद्यावर शून्यच दिसते आणि लोक निराश होऊन तार काढतात. यंत्र बंद ठेवून, नजरेसमोर, दोन-तीन तास अडॅप्टर जोडून ठेवल्यास अशी बॅटरी जागी होण्याचा संभव असतो. मात्र घटाचा दाब अडीच व्होल्टच्याही खाली जाऊन महिने लोटले असतील, तर आतील तांब्याच्या पत्र्याचा अंश विरघळून घटात पसरतो. असा घट पुढे भारित करणे धोक्याचे असते. म्हणूनच मंडल दार उघडत नाही. मोटारसायकलच्या किंवा ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा लावून तिला ‘उठविण्याचे’ प्रयोग काही हौशी हात करतात. त्यांतून आग लागू शकते. ते पूर्णपणे टाळावेत.

कपाट आणि ऊन

शाळांना उन्हाळी सुटी लागते तेव्हा लॅपटॉप कुलपात ठेवले जातात. ठेवताना बॅटरी रिकामी असेल, तर सुटी संपेपर्यंत ती स्वतःहून आणखी उतरते. पूर्ण भरून ठेवणेही योग्य नाही. तांत्रिक साहित्यात नेहमी दिला जाणारा हिशेब असा : ४० अंश सेल्सिअस उष्णतेत वर्षभर ठेवलेली बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर तिची क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते, ४० टक्के भरलेली असेल, तर सुमारे ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. हिंगोलीत मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढतो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोलीत किंवा उन्हात उभ्या जीपमध्ये तर त्याहूनही अधिक. म्हणून सुटीपूर्वी बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, यंत्र पूर्णपणे बंद करून, घरातील थंड खोलीत ठेवणे आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा निम्म्यापर्यंत भरणे, एवढी खबरदारी पुरेशी आहे. ‘नवी बॅटरी आठ तास भरावी, आणि दर वेळी पूर्ण उतरवावी’ हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम घटांच्या काळचा. लिथियमच्या घटाला तो लागू नाही, किंबहुना अपायकारक आहे.

उन्हाचा दुसरा परिणाम अधिक फसवा असतो. घटांचे तापमान साधारण ४५ अंशांपलीकडे गेले, की मंडल भारण थांबविते. दुपारी तीन वाजता ‘भारित होत नाही’ असे दाखविणारे यंत्र रात्री आठ वाजता निमूटपणे भरू लागते, आणि तंत्रज्ञापुढे नेले तर त्यात काहीच दोष आढळत नाही. म्हणून तक्रार लिहिताना वेळ व हवामान यांचाही उल्लेख करावा. यंत्राखाली रेक्झिन, गादी किंवा कागदांचा गठ्ठा असल्यास वारा कोंडतो. वायुछिद्रे वर्षातून एकदा तरी धूळमुक्त करून घ्यावीत.

क्षमता मोजण्याची रीत

एवढे करूनही बॅटरी टिकत नसेल, तर अंदाजावर न जाता मोजमाप करावे. विंडोज प्रणालीतच ही सोय आहे. ‘कमांड प्रॉम्प्ट’च्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ हा शब्द, त्यानंतर एक जागा सोडून तिरकी रेघ व तिला लागून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द रोमन लिपीत टाइप करून एन्टर दाबले, की एक अहवाल तयार होतो आणि तो कोठे साठविला हेही तेथेच दिसते. त्यात दोन आकडे महत्त्वाचे : मूळ रचनेनुसार क्षमता, आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता. समजा, पहिला आकडा ४१,००० मिलिवॅट-तास आणि दुसरा १४,००० असेल, तर बॅटरी जेमतेम ३४ टक्के उरली आहे. तिच्या बदलीच्या मागणीला हा कागद जोडल्यास वेगळ्या शेऱ्याची गरजच राहत नाही. लिथियम-आयन बॅटरी साधारणतः ३०० ते ५०० वेळा पूर्ण वापरल्यानंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. अहवालात अशा फेऱ्यांची संख्याही बहुधा असते.

दुसरा आकडा चांगला असूनही ४० टक्के शिल्लक दिसत असताना यंत्र बंद पडत असेल, तर मोजणाऱ्या चिपचा अंदाज चुकला असण्याची शक्यता आहे. बॅटरी पूर्ण भरावी, दोन तास थंड होऊ द्यावी, यंत्र बंद पडेपर्यंत वापरावी आणि मग अखंड पूर्ण भरावी. काही महिन्यांतून एकदा हे पुरते. त्यानंतरही आकडा कोसळत असेल, तर एखादा घट इतरांच्या मागे पडला आहे.

यंत्रात नाण्याएवढी आणखी एक बॅटरी असते, तिचाही उल्लेख येथे आवश्यक आहे. ही तीन व्होल्टची चकती घड्याळ चालू ठेवते. ती संपली, की मोठी बॅटरीही उतरलेली असताना यंत्राची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. मग शासकीय संकेतस्थळ सुरक्षित नसल्याची सूचना देते व डिजिटल स्वाक्षरीचे टोकन प्रमाणपत्र अवैध ठरविते. दोष टोकनचा समजून नवे टोकन मागविण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील तारीख वाचावी.

नवी घेताना, जुनी देताना

बॅटरी बदलावयाचीच ठरली, तर जुन्या बॅटरीच्या पाठीवरील भाग क्रमांक व व्होल्ट नव्या बॅटरीशी जुळवून घ्यावेत. वॅट-तास थोडे अधिक असल्यास हरकत नाही. भारतीय मानक आय.एस. १६०४६ खालील नोंदणीचे चिन्ह व आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक पट्टीवर असावा, आणि उत्पादनाची तारीख अलीकडची असावी. कारण बॅटरी न वापरताही म्हातारी होते. याच कारणाने पुढील वर्षांसाठी जादा बॅटऱ्या घेऊन ठेवणे म्हणजे निधीचा अपव्यय होय. संपूर्ण यंत्राची हमी तीन वर्षांची असली, तरी बॅटरीची बहुधा एकच वर्षाची असते. ती मुदत संपण्यापूर्वी वरील अहवाल काढून ठेवावा.

बॅटरी फुगलेली दिसल्यास, म्हणजे कळफलक वर उचलला गेला, स्पर्शफलक दाबेना किंवा यंत्र टेबलावर डुलू लागले, तर त्याच क्षणी वापर थांबवावा. ती भारित करू नये, टोचू नये, दाबून सरळ करू नये. उघड्यावर, ज्वालाग्राही वस्तूंपासून दूर, कोरड्या वाळूच्या लोखंडी घमेल्यात ठेवावी. पेट घेतल्यास आधी वीज तोडावी, धूर विषारी असल्याने माणसे दूर करावीत आणि लांबून भरपूर पाणी मारावे.

जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारात टाकता येत नाही. २२ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अन्य कचऱ्यापासून वेगळी ठेवून संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे देणे हे वापरणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ती परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे. तिच्या दोन्ही टोकांच्या धातूवर चिकटपट्टी लावावी व ज्याच्याकडून नवी घेतली त्याच्याकडे ती द्यावी. जडवस्तू संग्रह नोंदवहीत निर्लेखनाची नोंद करताना बॅटरीचा क्रमांक, मूळ व उरलेली क्षमता, कोणता अडॅप्टर लावून तपासणी केली ते, आणि जुनी बॅटरी स्वीकारल्याच्या पावतीचा क्रमांक लिहावा. नव्या बॅटरीची नोंद त्याच पानावर, खाली करावी.